शाळा सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएच.डी.: प्रश्न वर्गातला, पुरावा वहीतला

शाळेत शिकवणाऱ्याला पीएच.डी.ने पगारात फारसं काही मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी, निवडश्रेणी २४ वर्षांनी. हा हिशेब सेवेच्या वर्षांवर चालतो, नावाआधी ‘डॉ.’ लागल्याने तो पुढे सरकत नाही. बी.एड. कॉलेजात किंवा विद्यापीठात जायचं असेल तर पदवीचा उपयोग आहे. शाळेतच राहायचं असेल तर कमाई वेगळी आहे: मूल चुकलं एवढ्यावर न थांबता ते कशामुळे चुकलं हे पुराव्यानिशी शोधायची सवय. ही सवय आपोआप लागत नाही. तीनशे पानांचा प्रबंध कपाटात ठेवून पूर्वीसारखाच सहामाहीचा पेपर काढणारे पीएच.डी.धारक हवे तेवढे सापडतील. फरक पडतो तो प्रश्न कसा निवडला आणि चाचणी कशी बांधली यावर, म्हणून इथे त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे आणि अर्ज-फॉर्म थोडक्यात उरकले आहेत.

कागदपत्रं

सगळ्याचा पाया म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) नोव्हेंबर २०२२ची पीएच.डी. नियमावली. ती एकदा मुळातून वाचा. कार्यालयातल्या तोंडी माहितीत अजून २०१६च्या नियमांची भेसळ असते. पदव्युत्तर पदवीला (एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए.) ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेश विद्यापीठाच्या पेट (पीएच.डी. प्रवेश) परीक्षेतून किंवा नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर. जून २०२४च्या नेटपासून ‘फक्त पीएच.डी.साठी पात्र’ असा वेगळा गट आहे. त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे मार्गदर्शक शोधायचे ते परीक्षेआधी, निकालानंतर नव्हे.

दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. होत नाही. अर्धवेळ होते, पण त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केलं जाईल. तिसरं वाक्य बहुतेक पत्रांत गाळलेलं असतं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या दोन ओळींवर मुख्याध्यापकांची सही घेऊन लोक मोकळे होतात आणि कोर्सवर्कच्या वेळी रजेसाठी हात जोडत बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर हे पत्र केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असं चढत जातं. तीन-चार महिने आधी टाका आणि आवक क्रमांक लिहून ठेवा. पत्र मिळालं की त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या.

मार्गदर्शक निवडताना निवृत्तीची तारीख विचारा. संकोच करू नका. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, पण साडेतीन वर्षं उरलेल्यांना घेता येतो, आणि तुमचं काम सहा वर्षं चालणार असतं. एका वेळी किती विद्यार्थी घेता येतात यालाही मर्यादा आहे: प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४. ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे त्यांच्याकडे ती रिकामी का आहे, हे त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना चहाला बोलावून विचारून घ्यावं.

प्रश्न

आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांना एक साचा आहे: अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादनावर परिणाम करणाऱ्या घटकांचा चिकित्सक अभ्यास. या शीर्षकात चार ठिकाणी गळती आहे. जिल्ह्यात शाळा शेकड्यांनी असतात, त्यांतल्या कोणत्या? ‘माध्यमिक’ म्हणजे कोणती इयत्ता? ‘संपादन’ म्हणजे वार्षिक परीक्षेचे गुण की आणखी काही? आणि ‘घटक’ म्हटलं की पालकांच्या उत्पन्नापासून फळ्याच्या रंगापर्यंत सगळं आत येतं. असा विषय घेतलेला शिक्षक शेवटी ६० विधानांची प्रश्नावली वाटतो, टक्केवारी काढतो आणि ‘शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा वापर करावा’ अशी शिफारस लिहितो. ती शिफारस त्याला पीएच.डी.आधीही ठाऊक होती.

उलट्या बाजूने सुरुवात करा. गेल्या दोन वर्षांतल्या तपासलेल्या वह्या आणि उत्तरपत्रिका काढा, आणि एकच चूक वर्षानुवर्षं कुठे येते ते पाहा. सहावीत भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, आठवीत भूगोलातलं नकाशाप्रमाण, तिसरीत जोडाक्षरांचं वाचन, नववीत इंग्रजी वाक्यात काळांची सरमिसळ. मग प्रश्न असा उभा राहतो: सहावीची मुलं भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेत कोणत्या प्रकारच्या चुका करतात, प्रत्येक चुकीमागे कोणती समजूत असते, आणि चित्रं व पट्ट्या वापरून घेतलेल्या २४ तासिकांनी ती समजूत बदलते का? यात इयत्ता, घटक, कालावधी आणि मोजायची गोष्ट, सगळं ठरलेलं आहे.

विषय पक्का करण्याआधी स्वतःला एवढं विचारा: उत्तर ‘नाही’ आलं तरी ते कुणाला उपयोगी पडेल का? मोजमाप एका सत्रात होईल का? मुलांपर्यंत पोचायला दर वेळी तिसऱ्याची परवानगी लागेल का? आणि बनवलेली चाचणी पीएच.डी. झाल्यावरही सोमवारी सकाळी वर्गात काढाल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर विषय बदला, मार्गदर्शकांना तो कितीही आवडलेला असो.

आराखड्यात आणखी एक घोळ हमखास होतो, तो म्हणजे गृहीतक आणि परिकल्पना एकच समजणं. गृहीतक म्हणजे जे तपासणार नाही, धरूनच चालणार आहात ते. उदाहरणार्थ, सहावीत आलेल्या मुलाला पाचवीत समच्छेद बेरीज शिकवलेली आहे. परिकल्पना म्हणजे जी आकडेवारीवर तपासणार आहात ती. आरआरसीच्या (संशोधनाचा विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या) बैठकीत पहिला प्रश्न बहुधा याच जागी येतो.

वाचन

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे भांडार मोफत आहे आणि देशातले बहुतेक प्रबंध तिथे सापडतात. मराठी प्रबंध शोधताना शीर्षक देवनागरीत, रोमन लिपीत आणि इंग्रजी भाषांतरात अशा तिन्ही प्रकारे घालून पाहा. नोंदी तिन्ही तऱ्हांनी केलेल्या असतात. जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेले असल्याने त्यांच्या आत शब्दाचा शोध लागत नाही, अनुक्रमणिका डोळ्यांनीच चाळावी लागते.

टिपणं व्यक्तीनुसार न ठेवता प्रश्नानुसार ठेवा. ‘अमुक (१९९८) यांनी अभ्यास केला, तमुक (२००४) यांनी अभ्यास केला’ अशी चाळीस परिच्छेदांची माळ म्हणजे आढावा नव्हे. एका तक्त्यात नमुना किती, साधन कोणतं, काय सापडलं, काय सुटलं असे रकाने करा. सुटलेल्याचा रकाना उभा वाचत गेलात की तुमची जागा दिसते. संदर्भांसाठी झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा.

चाचणी बांधणं

शिक्षकाला खरा घडवणारा टप्पा हा आहे, आणि घाईही इथेच होते. दुसऱ्याची तयार चाचणी ‘प्रमाणित आहे’ म्हणून उचलली की वर्ष वाचतं, पण हातात काही उरत नाही.

आधी संविधान तक्ता करा: उभ्या बाजूला उपघटक, आडव्या बाजूला ज्ञान, आकलन, उपयोजन, आणि प्रत्येक चौकटीत प्रश्नांची संख्या. शेवटी ३० प्रश्न हवे असतील तर ५० लिहा, वीस गळणारच. बहुपर्यायी प्रश्नांचे चुकीचे पर्याय मात्र टेबलाशी बसून बनवू नका. तोच प्रश्न आधी पर्यायांविना ४०-५० मुलांना सोडवायला द्या आणि त्यांनी स्वतः केलेल्या चुका पर्याय म्हणून घाला. मनाने बनवलेला पर्याय कोणी निवडत नाही. मुलांचा पर्याय मुलं निवडतात.

पाच-सहा अनुभवी शिक्षकांकडून आणि विषयतज्ज्ञांकडून प्रश्न तपासून घ्या. मग पायलट (चाचणीची छोटी रंगीत तालीम) घ्या, आणि ती प्रयोगाच्या शाळेत घेऊ नका. १०० मुलं पुरतात. गुणांच्या उतरत्या क्रमाने उत्तरपत्रिका लावा, वरच्या २७ आणि खालच्या २७ वेगळ्या काढा, मधल्या ४६ बाजूला ठेवा. प्रत्येक प्रश्नाला दोन्ही गटांत कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा.

एक प्रश्न घेऊ: ३/८ + १/४ = ? पर्याय ५/८, ४/१२, ४/८, ४/३२. समजा वरच्या गटात २४ जणांचं आणि खालच्या गटात ९ जणांचं उत्तर बरोबर आलं. काठिण्य निर्देशांक, म्हणजे प्रश्न किती जणांना जमला: (२४ + ९) भागिले ५४, म्हणजे ०.६१. भेददर्शक निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक दाखवतो: (२४ – ९) भागिले २७, म्हणजे ०.५६. भेददर्शक ०.४०च्या वर असला की प्रश्न उत्तम, ०.२०च्या खाली असला की टाकून द्यायचा किंवा नव्याने लिहायचा. प्रबंधात या प्रश्नापुढे ‘स्वीकारला’ एवढंच लिहिलं जातं आणि बहुतेक लोक पुढच्या प्रश्नाकडे जातात.

पण खरा माल चुकलेल्या उत्तरांत आहे. खालच्या गटातल्या १८ चुकलेल्यांपैकी १३ जणांनी ४/१२ निवडलं असेल, तर ते अंदाजपंचे उत्तर देत नाहीत, एक नियम पाळतायत: वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. त्यांना अपूर्णांक ही एक संख्या वाटत नाही, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या वाटतात. आता ४/१२ म्हणजे १/३, आणि १/३ हा ३/८पेक्षाही लहान. भर घातली आणि बेरीज कमी झाली! या मुलांना लसावि पुन्हा शिकवून काही होत नाही. त्यांच्यापुढे एकसारख्या दोन कागदी पट्ट्या ठेवायच्या, एकीवर ३/८ रंगवायचा, दुसरीवर ४/१२, आणि विचारायचं: रंगवलेल्यात आणखी घातलं, मग हे कमी कसं झालं? उरलेल्यांपैकी चार जणांनी ४/८ निवडलं असेल तर त्यांचं दुखणं वेगळं. छेद सारखा हवा हे त्यांना कळलंय. छेद बदलला की अंशही बदलावा लागतो हे राहिलंय. त्यांना १/४ = २/८ एवढी एक पायरी पुरेल. एकाच प्रश्नाच्या दोन चुका, दोन वेगळे उपाय, आणि ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणून आपण दोघांना एकाच बाकावर बसवतो.

आता बिघडलेला प्रश्न कसा दिसतो ते पाहा: ‘पुढीलपैकी १/२पेक्षा मोठा अपूर्णांक कोणता?’ पर्याय २/५, ३/५, ३/८, ४/७. उत्तरसूचीत ३/५. समजा वरच्या गटात १२ बरोबर, खालच्या गटात ११. भेददर्शक ०.०४. हुशार आणि कच्ची मुलं सारखीच चुकतायत, म्हणजे खोट प्रश्नात आहे. वरच्या गटातल्या बाकीच्या १५ जणांनी ४/७ निवडलंय, आणि ४/७ही १/२पेक्षा मोठाच आहे. दोन बरोबर उत्तरांचा प्रश्न तज्ज्ञांच्या नजरेतून सुटला, आकड्यांनी पकडला. असे प्रश्न शाळेच्या पेपरात दर वर्षी असतात आणि त्यांचे गुण मुलांचेच जातात.

विश्वसनीयता म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात. ती काढायला बरोबर-चूक स्वरूपाच्या चाचणीला केआर-२० हे सूत्र, श्रेणी असलेल्या प्रश्नावलीला क्रॉनबाख अल्फा; ०.७०च्या वर हवी. आकडा ०.९५च्या वर गेला तर खूश होऊ नका, एकच प्रश्न दहा वेळा फिरवून विचारला नाही ना ते पाहा. जामोवी आणि जॅस्प ही दोन सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि शालेय संशोधनाला पुरेशी आहेत. विकतच्या सॉफ्टवेअरवर खर्च करू नका, आणि आकडेमोड बाहेरून करून देणाऱ्यांकडे तर जाऊच नका. मौखिकीत तक्ता क्रमांक ४.१७ तुम्हालाच समजावून सांगायचा असतो.

प्रयोग

शाळेत मुलांची यादृच्छिक वाटणी करता येत नाही, तुकडी अ आणि तुकडी ब जशा आहेत तशाच घ्याव्या लागतात. त्यामुळे पूर्वचाचणी सक्तीची, आणि विश्लेषणात सहप्रसरण विश्लेषण वापरून सुरुवातीचा फरक वजा करा. नुसती उत्तरचाचणीची टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना) घेऊन प्रयोग यशस्वी म्हणू नका. एकच शाळा, एक तुकडी इकडे, एक तिकडे, अशी रचना असेल तर सापडलेला फरक पद्धतीचा की त्या वर्गाच्या शिक्षकाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. निदान तीन शाळा घ्या, आणि प्रत्येक शाळेत दोन्ही गट ठेवा: नवी पद्धत मिळणारा आणि न मिळणारा, म्हणजे नियंत्रित.

वेळापत्रक शाळेच्या वर्षावर बसवा. जूनमध्ये पट स्थिर नसतो. जुलैचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर ही खिडकी सर्वांत चांगली: आठवड्याला तीन, अशा ४० मिनिटांच्या २४ तासिका, म्हणजे आठ आठवडे, एकूण १६ तास, वर दोन आठवडे सुट्ट्यांसाठी राखीव. कोकणात गणपतीची सुट्टी त्यातून आधीच वजा करा. दिवाळीनंतर प्रयोग सुरू केलात तर स्नेहसंमेलन, सहली आणि शिष्यवृत्तीचे जादा तास त्याचे लचके तोडतात. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड पट्ट्यात तर दिवाळीच्या सुमारास मुलं आईबापांबरोबर निघून जातात. पूर्वचाचणीला ४२ आणि उत्तरचाचणीला २९ असं झालं की उरलेले २९ हे नेमके घरी आजी-आजोबा असलेले असतात, आणि निष्कर्ष त्यांच्यापुरताच राहतो. गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे काढून प्रबंधात द्या. परीक्षक ते शोधतातच.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती या तीन कामांतून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नेही शिक्षकाची सुटका केलेली नाही. ज्या वर्षी निवडणुका लागणार हे माहीत आहे, त्या वर्षी प्रयोग ठेवू नका, लेखन ठेवा.

नियंत्रित गटाचं ऋण विसरू नका. पद्धत चांगली ठरली तर त्या तुकडीलाही दुसऱ्या सत्रात त्याच २४ तासिका द्या. स्वतःच्या वर्गावर संशोधन करताना ‘भाग घ्यायचा नसेल तर सांगा’ हे वाक्य पोकळ असतं. सरांना नाही म्हणणारं मूल विरळा. म्हणून पालकांची लेखी संमती वर्गशिक्षकाने न घेता दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, आणि चाचणीचे गुण आकारिक मूल्यमापनात धरले जाणार नाहीत हे मुलांना आधी सांगावं. उत्तरपत्रिकांवर सांकेतिक क्रमांक, नावांची यादी वेगळ्या पाकिटात.

शिक्षकांची प्रश्नावली केंद्रप्रमुखांच्या हस्ते वाटू नका. शिक्षण परिषदेत वाटलेल्या शंभर फॉर्मपैकी ऐंशींवर ‘पूर्णतः सहमत’च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच रेघ येते. आठ-दहा शिक्षकांच्या प्रत्यक्ष मुलाखती त्याहून मोलाच्या, फक्त तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला चार ते सहा तास जातात, हे धरून चाला. बोलणारा अहिराणी किंवा वऱ्हाडीत बोलला असेल तर तसंच उतरवा. प्रमाण मराठीत सारवलेलं बोलणं पुरावा म्हणून निम्मं होतं.

आकड्यांपुढे सावध राहणं

परिकल्पनांची संख्या फुगवू नका. मुलगे-मुली, ग्रामीण-शहरी, अनुदानित-विनाअनुदानित अशा दहा उपपरिकल्पना ०.०५ स्तरावर स्वतंत्रपणे तपासल्या, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना निदान एकीत ‘सार्थक’ (निव्वळ योगायोगाचा नसावा असा) फरक दिसण्याची शक्यता ४० टक्के असते. वीस केल्या तर ६४ टक्के.

दुसरं, सार्थक म्हणजे मोठा नव्हे. दोन्ही गटांत ३०० मुलं, ५०पैकी सरासरीत दीड गुणाचा फरक, प्रमाण विचलन ८: टीचं मूल्य २.३० येतं, ०.०५ स्तरावर सार्थक. पण परिणामाचं आकारमान दीड भागिले ८, म्हणजे ०.१९, जेमतेम. या दीड गुणासाठी रोज अर्धा तास जादा तयारी लागत असेल तर ती पद्धत शाळेत टिकणार नाही, आणि हे प्रबंधात लिहायला हरकत नाही. परिणामाचं आकारमान प्रत्येक तक्त्यात द्या.

वेळ

आठवड्याला दहा तास हा किमान खर्च. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन, रविवारी पाच, आठवड्यातल्या दोन पहाटे दीड-दीड. वर्षाला ४५ आठवडे सांभाळले तर साडेचारशे तास होतात. रात्री जेवणानंतरचे तास धरू नका, ते कागदावरच राहतात.

किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. नोकरदाराने पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि वाचन, दुसरं चाचणी आणि पायलट, तिसरं प्रयोग, चौथं विश्लेषण, पाचवं लेखन असं धरावं आणि सहावं वर्ष घरच्या आजारपणांसाठी मोकळं ठेवावं. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात आणि संशोधन-प्रकाशनाच्या नीतीचा भाग सक्तीचा आहे. सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. समितीने सुचवलेला प्रत्येक बदल त्याच रात्री तारखेसह लिहून मार्गदर्शकांना पाठवा. पुढच्या वेळी समितीतला एखादा सदस्य बदललेला असतो आणि नेमकं उलटं सुचवतो.

लेखन आणि मौखिकी

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या ओळीपासून युनिकोड. श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेखकाकडून करून घेतलेली तीनशे पानं साहित्यचौर्य तपासणीत वाचलीच जात नाहीत, आणि रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं उधळतात. इनस्क्रिप्ट हा मराठी टंकनाचा कळफलक शिकायला पंधरा दिवस लागतात, ते द्या. संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश धरा आणि एका संकल्पनेला एकच शब्द शेवटपर्यंत वापरा. दुसऱ्या प्रकरणात ‘सप्रमाणता’ आणि तिसऱ्यात ‘वैधता’ असं झालं की परीक्षकाला त्या दोन गोष्टी वाटतात.

साहित्यचौर्याबाबत २०१८ची नियमावली लागू आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो. ४० ते ६०मध्ये वर्षभर सादर करता येत नाही. ६०च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, ग्रंथसूची, ऋणनिर्देश यांत धरत नाहीत. शिक्षणशास्त्रात साम्य सर्वांत जास्त वाढतं ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात, कारण ‘सर्वेक्षण पद्धती म्हणजे काय’ याची सहा पानी व्याख्या प्रत्येकाने त्याच पुस्तकातून उतरवलेली असते. ती व्याख्या काढूनच टाका. तुम्ही काय केलंत, किती शाळांत, कोणत्या आठवड्यांत, एवढं लिहा.

सादर करण्याआधी विभागात जाहीर सादरीकरण होतं, मग प्रबंध मार्गदर्शकांशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, आणि मूल्यमापन सहा महिन्यांत पुरं व्हावं असा नियम आहे. मौखिकी सर्वांसाठी खुली असते. तयारीसाठी तीन उत्तरं पाठ नको, पण पक्की हवीत: हाच नमुना का, निकाल कशामुळे खोटा ठरू शकतो, आणि पुन्हा केलं तर काय बदलाल. दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीच त्रुटी नाही’ म्हणणारा तिथेच अडकतो.

शाळेत परतल्यावर

प्रबंधातून तीन गोष्टी शाळेत आणा. पहिली, चुकांची वही: प्रत्येक घटकाला दोन पानं, डावीकडे मुलांनी केलेली चूक जशीच्या तशी, उजवीकडे त्यामागचा तर्क आणि चाललेला उपाय. दोन वर्षांत ही वही पाठ्यपुस्तकाच्या शिक्षक-सूचनांपेक्षा उपयोगी होते, आणि ती नव्या शिक्षकाच्या हातात देता येते. दुसरी, पेपराचं विश्लेषण. ४० मुलांच्या वर्गात वरच्या ११ आणि खालच्या ११ उत्तरपत्रिका काढा, पंधरा बहुपर्यायी प्रश्नांना एक संध्याकाळ पुरते. इतक्या लहान गटात निर्देशांक डळमळीत असतो, म्हणून त्यावर प्रश्न रद्द करू नका. फक्त शून्याच्या जवळ किंवा उणे आलेले प्रश्न पुन्हा वाचा. खालची मुलं वरच्यांपेक्षा जास्त बरोबर येत असतील तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते.

तिसरी, सर्वेक्षणं वाचणं. प्रशिक्षणात पडद्यावर ‘आपल्या जिल्ह्यातली इतकी टक्के मुलं वाचू शकत नाहीत’ असं आलं की खोलीत शांतता पसरते. ‘प्रथम’ या संस्थेचं असर सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं, जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, आणि त्यातला सर्वांत वरचा वाचन-उतारा दुसरीच्या पातळीचा असतो. एनसीईआरटीच्या परख या केंद्राचं डिसेंबर २०२४चं सर्वेक्षण शाळांत झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत, आणि दोन्हींवरून एका शाळेबद्दल काही म्हणता येत नाही. हे उभं राहून भांडणाच्या सुरात सांगू नका. चहाच्या वेळी प्रशिक्षण देणाऱ्या सुलभकाला कागदावर काढून दाखवा, पुढच्या तालुक्यात तो तक्ता बदललेला असेल.

आणि सांभाळायच्या दोन गोष्टी. पदवी मिळाली की शाळेतले सगळे अहवाल, प्रस्ताव आणि नवोपक्रम स्पर्धेची लेखनकामं ‘डॉक्टरांकडे’ सरकतात. वर्षाला एकच घ्या आणि बाकीच्यांना लिहायला शिकवा. दुसरं, सहकाऱ्यांशी बोलताना काठिण्य निर्देशांक वगैरे शब्द प्रबंधातच ठेवा. ‘तेरा जणांनी खालच्यात खालचा मिळवलाय, उद्या पट्ट्या काढू या का?’ असं विचारलं की शेजारच्या तुकडीचे सरही उत्तरपत्रिका घेऊन येतात.